'लाइव्हनेस'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक: वितरित प्रणालींच्या (अनेक संगणक मिळून चालवतात त्या) चाचणीवरचा मजकूर मराठीत करतेय. 'सेफ्टी'साठी 'निर्धोकता' घेतलं, कारण 'सुरक्षितता' म्हटलं की वाचकाला हॅकर आठवतात. 'लाइव्हनेस'पाशी मात्र घोडं पेंड खातंय. आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'सजीवता' लिहून ठेवलंय. चालेल का?

टेस्टर: नको. अर्थ उलटा लागतो. लाइव्हनेस मोडते तेव्हा प्रणाली बहुधा जिवंतच असते, फक्त काम पुढे सरकत नाही. राफ्ट घ्या, म्हणजे अनेक संगणकांनी नेता निवडून नोंदींवर एकमत करण्याचा अल्गोरिदम. पाच नोड (संगणक), त्यांतला नेता पडला. उरलेल्यांपैकी दोघांचे नेत्याची वाट पाहण्याचे टायमर एकदमच संपले, दोघेही उमेदवार झाले, मतं दोन-दोन अशी फुटली. बहुमताला लागतात तीन. दर निवडणुकीला नवी टर्म: टर्म ४१ गेली, ४२ गेली, ४३ गेली, निवडणूक आपली चालूच. सगळ्या प्रोसेस धडधाकट, हेल्थ चेक हिरवे, लॉग भराभर वाहतोय, आणि क्लायंटची एकही नोंद कमिट (बहुमताने पक्की) होत नाही. (म्हणूनच राफ्टमध्ये निवडणुकीचा टाइमआउट यादृच्छिक असतो. मूळ निबंधात उदाहरण १५० ते ३०० मिलिसेकंदांचं आहे.) गंमत म्हणजे निर्धोकतेची टेस्ट इथे बिनबोभाट पास होते: एका टर्ममध्ये दोन नेते झालेच नाहीत. एकही झाला नाही, तर दोन कुठून होणार!

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्ये ही जोडी मांडली. नको ते कधीच घडणार नाही, ही सेफ्टी. हवं ते कधी ना कधी घडेलच, ही लाइव्हनेस. शब्दात तो 'कधी ना कधी' आला पाहिजे.

कोशप्रेमी: मग 'प्रगतिशीलता'?

टेस्टर: ती विचारांची असते.

कोशप्रेमी: बरं, 'प्रगतीची हमी' म्हणा. दोषासाठी मात्र मराठीत शब्दांची चंगळ आहे, फक्त ते एकमेकांत मिसळू नका. 'ठप्प' म्हणजे सगळंच बंद. 'खोळंबा' कुणाची तरी वाट पाहताना होतो. एकमेकांची वाट अडवून बसले की 'कोंडी'. डेडलॉकला हा शब्द चपखल. बाकीच्यांचं सुरळीत चालून एकाच्याच वाट्याला काही येत नाही, ती 'उपासमार'. आणि 'रखडणं' यात हालचाल असते, शेवट येत नसतो. राफ्टचं वरचं प्रकरण रखडण्याचं.

अनुवादक: पण टेस्टमध्ये 'रखडलं' हे ठरवायचं कधी? 'कधी ना कधी'ला मुदत नाही, टेस्ट तर संपवावी लागते.

टेस्टर: मेख तिथेच आहे. सेफ्टी मोडली की त्या क्षणावर बोट ठेवता येतं. लाइव्हनेस मोडली असं म्हणताना 'थांबा जरा, होईल' म्हणायला जागा उरतेच. मॉडेल चेकर (प्रणालीच्या आराखड्यातल्या शक्य त्या स्थिती तपासणारं साधन) स्थितींचं न सुटणारं चक्र शोधून दाखवतो, पण खऱ्या कोडवर तडजोड करावी लागते. आधी बिघाड घालायचे: नेटवर्क तोडा, नोड पाडा, संदेश उशिरा पोचवा. मग बिघाड थांबवायचे, बहुमताचे नोड उठवून जोडायचे आणि तिथून मुदत मोजायची. बिघाड चालू असताना प्रगती मागणं अन्यायाचं आहे. पाचांतले तीन नोड गेले तर राफ्टने थांबणंच बरोबर. संदेशाला किती वेळ लागेल याचा काहीच भरवसा नसेल आणि एखादा नोड कोसळू शकत असेल, तर एकमत होईलच अशी हमी कोणताही निर्धारित (यादृच्छिकता न वापरणारा) अल्गोरिदम देऊ शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्धच केलंय.

मुदत सेकंदांत न ठेवता टाइमआउटच्या पटीत ठेवा, नाहीतर मंद मशीनवर टेस्ट उगाच बोंब मारते. आणि नेता निवडला गेला एवढ्यावर पास करू नका. प्रत्येक क्लायंटची नवी नोंद कमिट होऊन परत वाचता आली पाहिजे, नाहीतर उपासमार निसटते.

अनुवादक: ठरलं. गुणधर्माला 'प्रगतीची हमी', दोषाला 'रखडणं', पहिल्या उल्लेखात 'लाइव्हनेस'. आता 'लाइव्हलॉक'चं, म्हणजे सगळे हलतायत पण कुणाचंच काम पुढे सरकत नाही त्या अवस्थेचं, काय?

कोशप्रेमी: तसाच ठेवा. 'जिवंत कोंडी' केलंत तर वाचकाला भुताखेताची गोष्ट वाटेल.