खरेदीपेक्षा भांडार आणि निर्लेखनाकडे बघा

महापालिकेतला घोटाळा निविदेतच होतो, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ई-निविदा आणि २०१६ साली आलेलं जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल यांमुळे खरेदीवर निदान चार लोकांची नजर तरी असते. माल गोदामात उतरला की मात्र कुणी विचारत नाही.

मी एका नगरपालिकेच्या भांडारात काही वर्षं काम केलं. आरोग्य विभागाची औषधं यायची. नवी खोकी दाराजवळ लागायची, जुनी मागे ढकलली जायची आणि वाटप होताना हाताशी असलेलं आधी जायचं. मग मागे मुदत संपलेल्या गोळ्या सापडायच्या. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यायचं, एवढी साधी शिस्तही नव्हती! दवाखान्यात रांगेतल्या बाईला 'औषध शिल्लक नाही' सांगितलं जात होतं, तेव्हा ते आमच्याकडे पडून होतं. हे आजही टोचतं.

निर्लेखनाचं, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करण्याचं, तर विचारूच नका. डेडस्टॉक रजिस्टरातली (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतली) मोडकी खुर्चीसुद्धा कमी करायला समिती, किंमत ठरवणं, मंजुरी, लिलाव असे टप्पे. सही करून चौकशी मागे कोण लावून घेणार? म्हणून भंगार वर्षानुवर्षं जागा अडवतं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्यात महापालिकांच्या गाड्याही आल्या. तशी कालमर्यादा फर्निचर आणि यंत्रांनाही हवी.

माहिती अधिकारात निविदेसोबत साठा पडताळणीचा, म्हणजे नोंदीतला माल प्रत्यक्षात आहे का हे तपासल्याचा, अहवालही मागा.