फोनवरून लाइव्ह: तुमचा अनुभव सांगा

नौपाडा, ठाणे

2020 चा गणेशोत्सव. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरची दोन फुटांपर्यंत, गर्दी अजिबात नको, असं ते वर्ष. आमच्या सोसायटीत आरतीला खाली पाच जण, तेही मास्क लावून. बाकी सगळे आपापल्या घरी. फोनवरून आरती लाइव्ह दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी ते बटण कधी दाबलंसुद्धा नव्हतं. तेलाचा रिकामा डबा, त्यावर पाट, पाटावर उभं पोळपाट, त्याला टेकवलेला फोन, आणि पोळपाट सरकू नये म्हणून मागे तांदळाची पिशवी.

सासूबाई तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली येणं त्याआधीच थांबलं होतं. खिडकीतून त्यांना खालची घंटा आधी ऐकू यायची, आणि वीसेक सेकंदांनी तीच घंटा फोनमधून. पहिल्या दिवशी त्या गोंधळल्या. दुसऱ्या दिवसापासून खिडकीतल्या आरतीला टाळ्या वाजवायच्या आणि फोनमधल्या आरतीला हात जोडायच्या. नागपूरची नणंद, मस्कतचा दीर, सगळे त्याच वेळी बघत असायचे. 'आईंना दाखव' म्हणून दिरांचा मेसेज आला, तेव्हा शेवटच्या दिवशी फोन तसाच चालू ठेवून मी जिना चढले.

तेव्हापासून दर वर्षी आरती लाइव्ह होते. ठाणे-नवी मुंबईच्या आपल्या माणसांनी फोनवरून काय काय लाइव्ह केलं, कुठे फसलं, काय साधलं, ते इथे लिहा. नुसतं 'छान झालं' नको, सविस्तर लिहा. माझी अडचण आधीच सांगते: आमच्याकडे अजूनही घंटेच्या आवाजात शब्द बुडतात.

वाशी

ताई, घंटा किंवा झांज माइकजवळ वाजली की फोन स्वतःहून सगळाच आवाज खाली ओढतो. घंटा ऐकू येते, माणसं जातात. फोन मूर्तीसमोर मध्यभागी ठेवायचा मोह सोडा. म्हणणाऱ्यांच्या बाजूला, घंटेपासून जितका लांब नेता येईल तितका न्या. चित्र थोडं तिरकं आलं तरी चालतं. बघणारा वाईट चित्र सहन करतो, वाईट आवाज नाही.

मी 2017 पासून कीर्तनं आणि प्रवचनं लाइव्ह करतो, हौसेने, पैसे न घेता. सुरुवातीला कॉलर माइक बुवांच्या उपरण्याला लावला होता. बुवांनी उपरणं सावरलं की दर वेळी खर्रकन आवाज. आता अंगरख्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावतो आणि वायरीला एक सैल वळसा ठेवतो.

माझी मोठी चूक 2018 मधली. उत्तररंग ऐन रंगात आलेला, बुवांचा गळा दाटून आलेला, आणि माझ्या फोनवर मामांचा कॉल. लाइव्ह तिथेच अडकलं. वृद्धाश्रमात काही आजी-आजोबा एकत्र बसून बघत होते, हे मला नंतर कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून लाइव्हचा फोन बिनसिमकार्डाचा असतो, नेट दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून.

डेटाचा हिशेब अंदाजे असा: सेकंदाला 3 मेगाबिट वेगाने पाठवलं तर तासाला 1.35 जीबी जातात. स्पीड तपासताना डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका, आपल्याला अपलोड लागतो. आणि फोन आडवा धरायचा असेल तर आडवा धरूनच सुरू करा.

जांभळी नाका, ठाणे

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. कौपीनेश्वराची पालखी निघते तेव्हा आमच्या भागात पाय ठेवायला जागा नसते. माझी बहीण लग्न होऊन लातूरला गेली, तिला लेझीम दाखवायचा म्हणून फोन काढला. पाच काड्या नेटवर्क, तरी चित्र गोठलेलं. हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, त्यामुळे काड्या दिसतात पण पुढे काही जात नाही. आता मी मंदिराजवळ उभाच राहत नाही. ओळखीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जातो आणि त्यांचं वायफाय वापरतो. पालखी वरून दिसते, ढोलाचा आवाजही तिथे सोसवेल इतकाच येतो. दुकानदार काका सकाळी सातलाच शटर अर्धं उघडून ठेवतात माझ्यासाठी.

घणसोली

आमच्या आगरी घरात हळदीला धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, म्हणते. माझ्या आत्याच्या हळदीत म्हणणारी माझीच आजी होती. तेव्हा ती ऐंशीच्या घरात. आवाज कापत होता, पण एक कडवं चुकलं नाही. लग्न गावच्या मंडपात. सुरतेला राहणारे काका सुट्टी न मिळाल्याने येऊ शकले नव्हते, त्यांच्यासाठी मी लाइव्ह लावलं. आजी मुसळाला हळद लावतेय, बायका मागून सूर धरतायत, आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला डीजेवाल्याने सिनेमातलं गाणं लावून आवाज तपासायला घेतला. दोन मिनिटंच. मला तेव्हा काही वाटलं नाही.

काकांनी ते लाइव्ह पाहिलं, ऐकलं, रडले. पण दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ उघडला तर मधला भाग मुका. त्या गाण्याचे हक्क दुसऱ्याचे म्हणून यंत्रणेने तो तुकडा ओळखला आणि आवाज काढून टाकला. गाण्याबरोबर आजीही गेली. ओठ हलताना दिसतात, हळदीचा हात दिसतो, आवाज नाही. पुढच्या पावसाळ्यात आजी वारली. धवले लिहून ठेवलेले नव्हते, तिला पाठ होते.

म्हणून हात जोडून सांगतो. घरात म्हणणारं कुणी असेल तर लाइव्ह करा, पण दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंगही चालू ठेवा. आणि डीजेवाल्याला अर्धा तास थांबायला सांगा. तो ऐकतो. मी आता प्रत्येक हळदीत सांगतो, एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही.

वाशी

वाचून गलबललो, दादा. त्यात आणखी एक लक्षात ठेवा. 19 फेब्रुवारी 2025 पासून फेसबुकवरचं नवं लाइव्ह 30 दिवसच राहतं, नंतर निघून जातं. यूट्यूबवर बारा तासांपेक्षा कमीचं लाइव्ह चॅनेलवर आपोआप साठतं. दोन्हीकडे कार्यक्रम संपला की त्याच रात्री उतरवून घ्या. मी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवतो आणि एक कीर्तनकारांच्या घरी देतो. तुमच्या आत्याकडे, काकांकडे त्या दिवशीचं कुणाच्या फोनवर काही आहे का, एकदा प्रत्येकाला विचारा. लग्नात वीस जण तरी शूट करत असतात.

कळवा

मी लोकलच्या दारात उभा राहून लाइव्ह करायचो. पारसिकचा बोगदा आला की कमेंटचा पाऊस. एके दिवशी कमेंटमध्ये आईचं नाव दिसलं. तिने लिहिलं होतं, 'आत ये'. एवढंच. मी आत आलो. पुन्हा दारात फोन काढला नाही.

कोपरी, ठाणे

वडील गेले तेव्हा धाकटी बहीण मेलबर्नला होती. तिकीट मिळून ती पोचेपर्यंत दीड दिवस जाणार होता, आणि वडिलांना ठेवायचं नाही असं काकांनी ठरवलं. तिला शेवटचं दर्शन व्हावं आणि ते सगळ्या जगाला दिसू नये, म्हणून फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसेल असं यूट्यूबवर लावावं, हे मला सुचलं. पण पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायचं तर परवानगी मिळायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात, आणि फोनवरून करायला चॅनेलला किमान 50 सबस्क्रायबर हवेत. माझ्या चॅनेलला एकही नव्हता. शेवटी साधा व्हिडिओ कॉल लावला.

फोन धरायला शेजारचा मुलगा उभा राहिला, कॉलेजात जाणारा. त्याने एकदाही कॅमेरा रडणाऱ्या माणसांकडे वळवला नाही. वडिलांचा चेहरा, हार, तुळशीपत्र, आणि दादाच्या खांद्यावरचं मडकं, एवढंच दाखवलं. अग्नी देताना त्याने बहिणीला हळूच विचारलं, 'ताई, दाखवू की नको?' ती म्हणाली, 'नको, नुसतं ऐकू दे.' त्याने फोन छातीशी धरला. तेवढी समज मी अजून कुणात पाहिली नाही.

वेळ सांगून येत नाही, म्हणून चॅनेल आधीच उघडून ठेवा. पण दाखवण्याआधी विचारायचं, हे मी त्या मुलाकडून शिकलो.

नेरूळ

सेवानिवृत्त शिक्षक. खाडीत भरती आली की चिखलाची मैदानं पाण्याखाली जातात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उडून आमच्या बाजूच्या पाणथळींवर येतात. ओहोटी लागली की परत खाडीत. ठाणे खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. माझे जुने विद्यार्थी पुणे, बंगळूर, कुठे कुठे आहेत. त्यांच्यासाठी भरतीचं कोष्टक बघून मी सकाळी लाइव्ह करू लागलो. मान उलटी करून चोच पाण्यात घालून ते कसं गाळून खातात, लहान आणि मोठा रोहित कसा ओळखायचा, असं बोलत बोलत.

मे महिन्यात फोन तापून बंद पडला. माझ्या आयफोनच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय, 0 ते 35 अंशांच्या हवेत वापरा. मी भर उन्हात, वर पॉवर बँक जोडून उभा. आता कव्हर काढतो, स्क्रीनचा उजेड कमी करतो, छत्री फोनवर धरतो, चार्जिंग आधी पूर्ण करून निघतो. वाऱ्याचा घोंघाट थांबायला माइकवर जुन्या स्वेटरचा तुकडा बांधतो.

पण दुखलं ते वेगळंच. एकदा लाइव्हमध्ये मी सांगितलं, 'आत्ता इथे शेकड्यांनी आहेत, या.' अर्ध्या तासात लोक आले. त्यातल्या दोन मुलांनी पक्षी उडताना शूट करायचे म्हणून दगड टाकला. सगळा थवा एकदम उठला. खाणं अर्धवट टाकून. फोन माझ्याच हातात होता आणि बोलावलं मीच होतं. आता मी पक्षी असताना जागा सांगत नाही. ओहोटी लागून ते निघाले की मगच सांगतो.

घोडबंदर रोड

सरांचं वाचून लिहिते. माझी मुलगी चौदा वर्षांची. बाल्कनीत उभी राहून मैत्रिणींसाठी नाच लाइव्ह करत होती. मागे आमच्या टॉवरचं नाव आणि खालच्या दुकानाची पाटी दिसत होती. एका अनोळखी माणसाने कमेंटमध्ये टॉवरचं नाव लिहिलं आणि पुढे, 'कितवा मजला?' तिने घाबरून फोन बंद केला आणि मला सांगितलं. सांगितलं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मी रागावले नाही. दोघींनी मिळून त्या माणसाला ब्लॉक केलं, तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट ठेवला. 22 जुलै 2025 पासून यूट्यूबने एकट्याने लाइव्ह करायचं वय 16 केलंय. इन्स्टाग्रामवरही 16 खालच्या मुलांना पालकांची संमती लागते. तिला नाच बंद करायला सांगितलं नाही. आता पाठीमागे साधा पडदा असतो आणि व्हिडिओ आधी रेकॉर्ड करून मग टाकतो.

खारघर

मी घरून साड्या विकते, शनिवारी लाइव्ह. ट्यूबलाइटच्या उजेडात आमसुली साडी चॉकलेटी दिसली आणि तीन साड्या परत आल्या. आता सकाळी अकराला, खिडकीशी, पांढऱ्या भिंतीसमोर. पदर कॅमेऱ्याजवळ आणून बोटाने उलटा करून दाखवते, म्हणजे मागचे धागे दिसतात. कमेंटमध्ये कुणी पत्ता किंवा मोबाइल नंबर लिहिला की लगेच काढून टाकते. एकदा माझ्याच नावाचं खोटं खातं काढून कुणीतरी कमेंटमध्ये क्यूआर कोड पाठवायला सुरुवात केली होती. एका गिऱ्हाईक काकूंचे अठराशे रुपये गेले. पैसे मी माझ्या खिशातून भरले. त्या अजूनही माझ्याकडूनच घेतात. नव्याने सुरू करणाऱ्या मैत्रिणींनो, 2025 पासून इन्स्टाग्रामवर लाइव्हसाठी पब्लिक अकाउंट आणि हजार फॉलोअर लागतात, ते धरूनच ठरवा.

नौपाडा, ठाणे

सगळं दोनदा वाचलं. घणसोलीच्या दादांच्या आजीचं तीनदा.

वाशीकरांनी सांगितलं तसं काल एकादशीच्या भजनाला करून पाहिलं. फोन टाळांपासून लांब, म्हणणाऱ्या बायकांच्या शेजारी, खुर्चीच्या पाठीला बांधून. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग. सुरू करण्याआधी सगळ्यांना विचारलं. एक काकू नको म्हणाल्या, त्या दुसऱ्या बाजूला बसल्या. वर गेले तर सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, फोन मांडीवर. म्हणाल्या, 'आज पहिल्यांदा शब्द कळले गं. ती मधली कोण, इतकी गोड म्हणणारी?'