मदत हवी आहे : ब्राह्मी येते, प्राकृत अडतंय

नमस्कार मंडळी. मी आयटीआय झालेला फिटर. कॉलेज राहून गेलं, पण नाणेघाटातला सातवाहनांचा कोरीव लेख पाहिल्यापासून ब्राह्मी या प्राचीन लिपीने झपाटलोय. वर्षभर शिफ्टवरून आल्यावर वहीत अक्षरं गिरवली. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे वर्तुळ, त्यात ठिपका दिला की थ. तिथल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं असतात, त्यामुळे फोटोत तो ठिपका की छिद्र, हेच कळत नाही! म्हणून थोडं भूशास्त्रही वाचायला घेतलं. त्या लेखातल्या अंकांनी तर वेडच लावलंय. १०, १००, १००० यांना वेगवेगळी चिन्हं आहेत, स्थानमूल्य नाही.

आता गाडी अडलीय ती लेखाच्या भाषेवर, म्हणजे प्राकृतवर. अक्षर लागतं, अर्थ लागत नाही. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचं टाकं, असे चार-दोन शब्द कळतात, पण विभक्ती आली की संपलं. आधी संस्कृत पक्कं करावं की थेट महाराष्ट्री प्राकृत घ्यावं? मराठीतून समजावणारं व्याकरण कोणतं? आणि माझं वाचन तपासून चुका दाखवणारं कुणी जुन्नर-पुण्याकडे आहे का? रविवारी कुठेही येईन. कृपया सांगा.