बुर्सात स्वस्तात जेवण आणि हमाम, कोणी गेलंय का?

प्रश्न: इंदूरहून मी, हे आणि आई तुर्कस्तानला चाललोय, दोन दिवस बुर्सा. बजेट कमी आहे आणि आई अंडंसुद्धा खात नाही. हमामात बायकांना जाता येतं का? तिला खूप इच्छा आहे पण लाज वाटतेय.

उत्तर: ताई, ‘एस्नाफ लोकांतासी’ शोधा, दुकानदार-कामगार दुपारी जेवतात ती साधी खानावळ, पदार्थ समोर मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचं. मर्जिमेक चोर्बा म्हणजे मसुराचं दाट सूप, वर लिंबू पिळायचं, पण कधीकधी मांसाच्या पाण्यात करतात म्हणून आधी ‘एत्सिझ?’ म्हणजे बिनमांसाचं का ते विचाराच. इस्केंदेर कबाब बुर्साचाच पण तो मांसाचा, आईंना पाकातले चेस्टनट द्या, तेही तिथलेच प्रसिद्ध. सकाळी सिमित म्हणजे तीळ लावलेला कडंगोळ्यासारखा पाव आणि चहा, पोह्यांची आठवण येईलच म्हणा.

उत्तर: काकूंना बिनधास्त न्या! बायकांचं दालन किंवा वेळ वेगळी असते, घासणारीही बाईच. चेकिर्गे भागात गरम पाण्याचे झरेच आहेत, तिथली येनी काप्लिजा म्हणजे झऱ्याच्या पाण्याचं जुनं स्नानगृह 1552 चं, ऑटोमन सुलतानाचा वजीर रुस्तम पाशा यानं बांधलेलं. अंगाभोवती पेश्तेमाल म्हणजे आपल्या पंचासारखं, मग गरम संगमरवरी ओट्यावर पडायचं आणि ती बाई खरखरीत ‘केसे’नं म्हणजे हातमोज्यानं घासते तेव्हा मळाच्या अशा वळ्या निघतात की दिवाळीच्या उटण्यानंही निघाल्या नसतील. घासण्याचे पैसे बहुतेक वेगळे, आत जायच्या आधीच ठरवा. बीपी असेल तर गरम दालनात जास्त वेळ बसू देऊ नका.

प्रश्नकर्ती: आईला वाचून दाखवलं, आता तीच पंचा शोधतेय!