उलटं स्वस्तिक, बायपास आणि प्रार्थना: आधार की भूल?

रामबागेतली लेक

मागच्या महिन्यात बाबांची बायपास झाली, इथेच इंदुरात. सकाळी साडेसातला आत नेलं. दोनपर्यंत होईल म्हणाले होते, चार वाजले तरी कुणी काही सांगेना. आत्या आदल्या दिवशीच खजराण्याला जाऊन आली होती. बाहेरगावच्यांसाठी सांगते: खजराणा गणपतीच्या देवळात मागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढतात, आणि मनातलं झालं की येऊन सरळ काढतात. मला हे कधी पटलं नाही. देवाकडे उधारीचं खातं उघडल्यासारखं वाटतं.

पण चार वाजता मी स्वतः काय केलं? फोन पर्समध्ये कोंबला आणि रामरक्षा सुरू केली. आजी दिवेलागणीला म्हणून घ्यायची, तेव्हापासूनची पाठ. त्यात कवच आहे ना, डोकं, कपाळ, डोळे, कान असं एकेक अवयव रामाच्या स्वाधीन करत खाली येणारं? हृदयापाशी आले आणि आवाजच फुटेना. समोरच्या खुर्चीवरच्या बोहरी काकूंनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. परत पहिल्यापासून सुरू केली. अशी सात वेळा झाली.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. बाबा आता घरी आहेत, पोह्यांवर शेव घालू देत नाही म्हणून रुसलेत.

बाबांना सर्जननं वाचवलं, यात वाद नाही. पण त्या दीड तासात मला कुणी सांभाळलं? नवरा म्हणतो, ही स्वतःची फसवणूक आहे. तुम्हाला काय वाटतं?

तर्कटराव

नवऱ्याशी सहमत. योगायोगानं तुमच्या विषयावरच मोठा अभ्यास झालेला आहे, आणि तोही बायपासच्याच रुग्णांवर. अमेरिकेत, सहा रुग्णालयांत, १८०२ रुग्ण, २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. कुठल्या गटात आहोत हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंत झाली ५२ आणि ५१ टक्के रुग्णांत. म्हणजे फरक शून्य. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के! बहुधा बिचारे घाबरले असावेत, की आपली अवस्था एवढी वाईट आहे का.

सुदामानगरी

तर्कटराव, धागा नीट वाचा हो. बाई बाबांच्या हृदयाचं बोलतच नाहीयेत, स्वतःच्या जिवाचं बोलताहेत. अभ्यासच हवा तर हा घ्या: २००१, ब्रिटिश मेडिकल जर्नल, इटलीतली २३ निरोगी माणसं. त्यांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि त्याबरोबर हृदयाची लयही सुधारली. रामरक्षेवर कुणी मोजलंय का ते मला ठाऊक नाही, पण एका दमात एक ओळ म्हणून बघा, काय होतं ते कळेल.

तर्कटराव

मग श्वासच मोजा की. पाढे म्हणा. राम कशाला मध्ये?

सुदामानगरी

सतराचा पाढा म्हणताना मला अजूनही मास्तरांची छडी आठवते. श्वास वाढेल उलट.

निशिगंध७

मला विनोद सुचत नाहीये, माफ करा. माझ्या आईचं स्वस्तिक उलटंच राहिलं. एप्रिल २०२१. एका सिलिंडरसाठी भाऊ रात्रभर शहरभर फिरत होता आणि मी घरात बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं करत होते. एकवीस झाली, मग परत एकवीस. पहाटे फोन आला.

प्रार्थनेचा राग नाही मला. राग त्यानंतरच्या दहा दिवसांचा आहे. भेटायला येणारे म्हणायचे, 'नवस नीट बोलली होतीस ना?' 'सोवळ्यात केलीस ना आवर्तनं?' म्हणजे ऑक्सिजन नव्हता हा दोष कुणाचाच नाही, दोष माझ्या उच्चारांचा. ज्यांचं सगळं नीट झालं त्यांनी श्रद्धेचे अनुभव जरूर लिहावेत. फक्त 'देव हाकेला धावतो' असं लिहिताना एवढा विचार करा, की वाचणाऱ्यांत ज्यांच्या हाकेला तो आला नाही तेही असतात.

रामबागेतली लेक

ताई, लिहिताना हे खरंच डोक्यात आलं नाही. चुकलं माझं.

भिया_इंदौरी

काय लोकं आहेत भिया, सोवळ्याचं विचारून राहिलेत! ताई, मनाला लावून घेऊ नका.

आता माझं मत. शीर्षकात 'भूल' म्हटलंय, पण भूल वाईट कधीपासून झाली? भूल न देता बाबांची छाती उघडली असती का? आमच्या घरी संध्याकाळी करुणात्रिपदी होते, म्हणजे दत्ताची तीन पदांची प्रार्थना. इथले दत्तभक्त संत नाना महाराज तराणेकर यांच्यामुळे इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत ती रुजली. दहा मिनिटांच्या आत संपते. भाडं थकलेलं असो की दुकान बंद पडलेलं, तेवढा वेळ सगळे एका सतरंजीवर बसतात. हेही काही कमी नाही.

आणि अहिल्याबाईंच्या गावात हा प्रश्न पडावा? १७५४ मध्ये कुंभेरला नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे, १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा. त्यानंतर बाईंनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. शिवपूजा कधी सोडली नाही आणि कामही नाही.

जेलरोडचा म्हातारा

पुढचंही लिहा ना. १७९१ मध्ये त्याच अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई महेश्वरला सती गेली. आईनं परोपरीनं विनवलं, पण ती थांबली नाही. ज्या श्रद्धेनं आईला उभं ठेवलं, तिच्याच पोटातल्या रूढीनं लेक नेली. दोन्ही एकाच घरात घडलं. अर्धीच गोष्ट सांगायची आपल्याला फार हौस.

केमिस्ट_काकू

औषधाचं दुकान चालवते, म्हणून वेगळं सांगते. माझ्या सख्ख्या दिराला नैराश्याच्या गोळ्या सुरू होत्या, फरकही पडत होता. एका महाराजांनी सांगितलं, गोळ्या सोड, एवढा जप कर. घरातले खूश, कारण जपाची लाज वाटत नाही, गोळ्यांची वाटते. दोन महिन्यांत तो अंथरुणातून उठेना. परत गोळ्या सुरू करून सावरायला वर्ष गेलं. जप तो आजही करतो, मीच माळ आणून दिली. पण डब्यात आधी गोळी बघते, मग माळ.

इथे कुणी तशा अवस्थेत वाचत असेल तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ पासून सुरू आहे. लाज वाटली तर गच्चीवर जाऊन लावा.

तर्कटराव

काकूंना +१. मुंबईत टाटात उपचाराला येणारे कितीतरी गरीब रुग्ण आजही दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरतात. कीर्तनकारच होते ते. तशी श्रद्धा असेल तर माझं काही म्हणणं नाही.

भिया_इंदौरी

म्हणजे तुम्ही आमच्यात आलात!

तर्कटराव

अजिबात नाही. मी फक्त दारापर्यंत आलोय.

रामबागेतली लेक

निशिगंधताईंचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, 'तुझ्या आतोबांच्या वेळचं माझंही उलटंच राहिलं.' हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, मग पुन्हा त्याच भिंतीवर काढायला गेलीस कशी? तर म्हणे, 'तेव्हा सहा महिने गेलेच नाही. चतुर्थीसुद्धा नाही. पण मग भांडायचं तरी कुणाशी? घरात कुणी उरलंच नव्हतं.'

नवऱ्यानं हे ऐकलं आणि चहा ठेवायला उठला. त्याचं मत बदललंय असं नाही.

बुधवारी गर्दी फार, म्हणून गुरुवारी पहाटे जायचं ठरलंय. गाडी तोच चालवणार आहे. बाबांना गाडीतच बसवून ठेवू. आत्या दोन्ही स्वस्तिकं सरळ काढणार आहे की एकच, हे मी विचारलेलं नाही.