मदत हवी आहे: बाईकवर लांबच्या प्रवासासाठी इअरप्लग कुठले घ्यावेत?

चाकणचा_कराडकर

नमस्कार मंडळी,

धागा काढायचं कारण म्हणजे रातकिडे. शेतातले नव्हेत, माझ्या कानातले.

नोकरी चाकणला, घर कराडजवळ. महिन्यातून तीनदा तरी शनिवारी पहाटे बाईकवर टांग टाकतो आणि रविवारी संध्याकाळी परत. जाऊन-येऊन पावणेचारशेच्या पुढे किलोमीटर होतात. गाडी ४०० सीसीच्या आसपासची, पुढे आखूड काच. हेल्मेट फुल फेस, आयएसआय शिक्क्याचं, दोन वर्षं वापरातलं. वेग ८० ते ९५, त्यावर मी जात नाही.

गेले पाच-सहा महिने घरी पोचून हेल्मेट काढलं की कानांना दडे बसलेले असतात. आई स्वयंपाकघरातून काही विचारते आणि मी नुसता "अं?" करतो. रात्री पाठ टेकली की कुईंऽऽ सुरू. सकाळपर्यंत थांबायचं, म्हणून दुर्लक्ष केलं. मागच्या खेपेला मात्र सोमवारी दुपारच्या मीटिंगपर्यंत वाजत राहिलं, तेव्हा टरकलो.

आतापर्यंतचे प्रयोग: आधी कापसाचे बोळे. उपयोग शून्य. मग दोरीवाले, झाडासारखे तीन थर असलेले सिलिकॉनचे प्लग. अर्ध्या तासात डावा कान ठणकायला लागला, शिरवळला काढून खिशात टाकले. मग फोमचे दहा जोड मागवले. ते दुखत नाहीत, पण हेल्मेट घालताना उजवा हमखास बाहेर येतो, आणि राहिला तरी फारसा फरक जाणवत नाही. पाकिटावर ३७ डेसिबल लिहिलंय. मग आवाज जातो कुठे, म्हणजे येतो कुठून?

नक्की कुठला प्लग घ्यावा? महागडे फिल्टरवाले (थोडा आवाज आत येऊ देणारे) घ्यायचे का? आणि सगळ्यात मोठी भीती, मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न देत आला तर ऐकू येईल का?

बुलेटकाका

तीस वर्षं गाडी चालवतोय. पुणे-गोवा किती वेळा केलं याची मोजदाद नाही. कानात कधी काही घातलं नाही. रस्त्यावर कान उघडेच पाहिजेत. हल्लीच्या पोरांना सगळ्यालाच औषध लागतं.

एकटा_जीव

काका, आदर आहेच, पण घरी टीव्ही कितीवर ठेवता?

बुलेटकाका

तो विषय वेगळा. (कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय हे खरं आहे.)

सेफ्टीवाली

मी फोर्जिंग कारखान्यात सेफ्टी बघते. हॅमरजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांच्या कानात प्लग नीट बसलेत की नाही हे तपासणं माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

कराडकर, तुमचा प्लग बहुतेक वाईट नाही, तो कानात गेलेलाच नाही. बहुतेक लोक फोमचा प्लग कानाच्या दारात ठेवतात. दारात ठेवलेला प्लग म्हणजे तुमचा कापसाचा बोळाच, फक्त नारिंगी.

पद्धत अशी. हात धुवा. ग्लोव्हज घालून हे होत नाही आणि ग्रीसच्या हातांनी तर करूच नका. प्लग तीन बोटांत धरून हळूहळू वळा, वातीसारखा बारीक होईपर्यंत, सुरकुती न पडता. आता उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यामागून न्या आणि कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, शाळेत गुरुजी ओढायचे तसा. कानाची नळी मुळात वाकडी असते, ओढल्यावर सरळ होते. तेवढ्यात वात आत सारायची आणि बोटाचं टोक तिच्यावर ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. फोम आत फुगतो. लोक पाच सेकंदांत बोट काढतात आणि तो फुगता फुगता मागे सरकतो.

बसला की नाही याची परीक्षा: तोंड मिटून "म्" म्हणा. आवाज डोक्याच्या मधोमध, विहिरीत बोलल्यासारखा घुमला तर दोन्ही बसले. एकाच बाजूला घुमला तर दुसरा पुन्हा घाला. दुसरी परीक्षा, चालू गाडीशेजारी उभं राहून दोन्ही कानांवर तळवे दाबा आणि सोडा. आवाजात फारसा फरक पडला नाही म्हणजे प्लग आपलं काम करतोय.

नीट बसलेला प्लग कानाबाहेर डोकावत नाही. डोकावत असेल तरच हेल्मेटचं अस्तर त्याला ओढून काढतं. तरीही ओढला जात असेल तर प्लग घातल्यावर पातळ बालाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारी कापडी टोपी) चढवा, त्यावरून हेल्मेट घसरत जातं.

आता तुमचे ३७. प्लग किती आवाज अडवतो याचा तो युरोपचा आकडा, एसएनआर. अमेरिकेचा एनआरआर वेगळ्या रीतीने काढतात. उदाहरणार्थ थ्रीएम कंपनीचा नारिंगी ११०० नंबरचा प्लग घ्या, एकाच प्लगवर एसएनआर ३७ आणि एनआरआर २९ छापलेलं असतं. म्हणून दुकानात ३७ विरुद्ध ३३ अशी तुलना करू नका, आधी आकडा कुठला ते बघा. आणि दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले, शिकवून घातलेल्या प्लगचे. कारखान्यात आम्ही एनआरआरमधून ७ वजा करून उरलेलं निम्मं धरतो. २९ चे राहिले ११. एवढेच मिळणार असं समजून चाला. नीट घातलात तर जास्त मिळतील.

चाकणचा_कराडकर

ताई, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन करून बघितलं. डावा घुमला, उजवा नाही. मी तो तसाच खुपसत होतो, कान ओढायचा असतो हे पाकिटावरच्या चित्रात होतं, मला ते चित्र म्हणजे नुसती सजावट वाटली. आणि हो, शनिवारी पहाटे मी ग्लोव्हज चढवून मगच प्लग घालत होतो. हसू नका.

पण ११ डेसिबलने काय होणार?

सेफ्टीवाली

खूप. डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नसतो. अमेरिकेच्या निऑश संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. तुमच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९५ च्या आसपास जातो. एका तासाच्या आत तुमचा दिवसाचा कोटा संपतो, म्हणजे खंबाटकी चढायच्या आधीच. त्यातून ११ गेले तर ८४ उरतात, आणि तेवढ्यावर कराड गाठून परत येता येतं.

दर्या_खोरे

+१. आणि लोकांचा गैरसमज असतो की त्रास इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा. शहराबाहेर पडून वेग वाढला की वाराच सगळ्यांवर मात करतो. म्हणून शांत गाडी किंवा जाड हेल्मेट घेऊन प्रश्न सुटत नाही. हेल्मेट डोकं वाचवतं, कान नाही.

एक प्रयोग करा. रिकामा, सरळ रस्ता बघून नेहमीच्या वेगात दोन सेकंद फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहा. उभं राहिल्यावर घोंगावणं कमी होऊन एकसारखा सूऽऽ ऐकू आला तर दोष काचेचा. आखूड काचेवरून वर उसळलेला भोवरा नेमका हेल्मेटवर आपटतो. माझ्या गाडीची काच मी सरळ काढून टाकली, छातीवर वारा येतो पण डोक्याभोवतीचा गोंधळ गेला. हनुवटीखालचा कापडी पडदा हेल्मेटबरोबर आला असेल तर लावा, फेकला असेल तर शोधा.

कान_नाक_घसा

डॉक्टर आहे, पण इथे तपासणी होऊ शकत नाही हे गृहीत धरून वाचा.

दडे बसणं आणि कुईं दोन्ही म्हणजे आतल्या कानातल्या केसपेशी दमल्याची खूण. विश्रांती मिळाली तर सावरतात, पुन्हा पुन्हा दमवलं तर मरतात आणि नव्या येत नाहीत. आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. बोलण्यातले स, श, फ तिथल्या वरच्या पट्टीत असतात, म्हणून माणसाला "ऐकू येतं पण कळत नाही" असं होतं. (काका, शिट्ट्यांचं प्रकरण मला ओळखीचं वाटतंय. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, अर्ध्या तासाचं काम असतं, दुखत नाही.)

कराडकर, कुईं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली असेल तर एकदा कान दाखवाच. मळ असेल तर प्लगने तो आत ढकलला जातो आणि दडा पक्का बसतो. घरी काडी, चिमटा, हेअरपिन काही घालू नका. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर विचारल्याशिवाय प्लग नको. आणि पावसाळ्यात ओलसर, घामेजलेला फोम पुन्हा पुन्हा वापरणं म्हणजे कानात बुरशीची शेती. फोम धुवायचा नसतो, मळला की फेका.

काढताना झटका देऊ नका. थोडा पिळून सील मोडा आणि हळू ओढा. घाटात चढ-उतार करताना कान बंद वाटले तर आवंढा गिळा, नाहीच सुटले तर कडेला थांबून प्लग पुन्हा घाला.

एकटा_जीव

हेल्मेटमध्ये बोलायचा इंटरकॉम असतो त्यांनी काय करायचं? आणि नॉइज कॅन्सलिंगवाले इअरबड चालतील का?

दर्या_खोरे

प्लग घालून इंटरकॉमचं बोलणं उलट स्वच्छ येतं, कारण वाऱ्यावर मात करायला आवाज फोडावा लागत नाही. फक्त प्लगच्या जोरावर स्पीकर शंभर टक्क्यांवर नेऊ नका, नाहीतर एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने घेतलं. इअरबड नको. वाऱ्याच्या भोवऱ्यात त्यांची गडबड होते, आणि पोलिसांना समजावत बसावं लागतं ते वेगळंच. मला एकदा निळ्या दोरीच्या प्लगवरून मामांनी बाजूला घेतलं होतं. हेडफोन नाही हे दाखवायला भर चौकात कानातून प्लग काढून हातावर ठेवला, तेव्हा "असू द्या, असू द्या" म्हणाले. दोरी लोंबू देऊ नका.

श्टुटगार्टचा_बाळ्या

इथे श्रवणयंत्रवाल्याकडून कानाचा साचा काढून सिलिकॉनचे प्लग करून घेतले. जन्मभर पुरणार नाहीत, कानाचा आकार हळूहळू बदलतो, पण दिवसभर घातले तरी टोचत नाहीत. पुण्यातही श्रवणयंत्रांच्या दुकानात विचारा, साचा तेही काढतात. पण आधी फोमवर हात बसवा. ज्याला तीस रुपयांचा प्लग घालता येत नाही त्याने काही हजार घालवू नयेत. फिल्टरवाले रेडिमेडही तसेच, कान लहान असेल तर टोचतात. सवाल बसण्याचा आहे.

सेफ्टीवाली

अगदी. कराडकर, तुमचा डावा कान सिलिकॉनने ठणकला म्हणजे ती नळी अरुंद असावी. दोन्ही कान सारखे असतात असं काही नाही. डावीकडे लहान मापाचा फोम घाला. आमच्याकडे दोन मापं वापरणारे चार-पाच जण आहेत.

हॉर्नचं: प्लग वारा आणि हॉर्न दोघांनाही खाली आणतो, म्हणून हायवेवर हॉर्न वाऱ्यातून वेगळा कळतो. कान नुसते भणभणत असतात तेव्हाच तो बुडतो. गावात, चौकात, हळू चालताना मात्र सायकलची घंटी किंवा माणसाची हाक हुकू शकते. तिथे आरसे जास्त बघा, नाहीतर थांबून काढा. मी स्वतः स्कूटरवर ऑफिसला जाताना घालत नाही.

चाकणचा_कराडकर

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

डॉक्टरांकडे गेलो. उजव्या कानातून निघालेला मळ बघून मलाच लाज वाटली, वर्णन करत नाही. ऑडिओमेट्री ठीक आली, "वेळेवर आलात" म्हणाले. आठवडाभर बाईक बंद, एसटीने गेलो.

मागच्या शनिवारी उजवीकडे नेहमीचा आणि डावीकडे लहान असे दोन मापांचे फोम घालून निघालो. ग्लोव्हजच्या आधी. त्यावर बालाक्लाव्हा. पार्किंगमध्ये "म् म्" करत उभा होतो तर वॉचमनने विचारलं, साहेब बरं वाटतंय ना? काच मात्र काढली नाही, पेगवर उभं राहून फारसा फरक कळला नाही.

पहिली दहा मिनिटं विचित्र गेली. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, गिळलेलं ऐकू येत होतं. मग विसरलो. हॉर्नची भीती उंब्रजच्या अलीकडे फिटली. ट्रॅव्हल्सवाला आरशात आधी दिसला, हॉर्नही स्पष्ट आला, फक्त नेहमीसारखा मणक्यातून गेला नाही. आणि एक गंमत. वारा गेल्यावर खालून एक बारीक खर्र-खर्र ऐकू यायला लागली. थांबून बघितलं तर चेन चांगलीच ढिली झालेली. किती दिवस तशीच पळवत होतो कोण जाणे.

घरी पोचलो, हेल्मेट काढलं. आई म्हणाली, हळू बोल, ओरडतोयस कशाला. प्लग काढायचे राहिले होते.

रात्री रातकिडे होते, पण बाहेरचे.

एकच अडचण उरली. उन्हात घामाने उजवा तासाभरात सैल होतो. काही उपाय?

सेफ्टीवाली

घालायच्या आधी कान कोरडा पुसा, आणि चहाला थांबाल तेव्हा नवा जोड घाला. खिशात दोन जोड जास्तीचे ठेवा, छोट्या डबीत. सुट्टे नाण्यांबरोबर टाकू नका.

बुलेटकाका

ऑडिओमेट्री करून आलो. निकाल इथे लिहीत नाही, डॉक्टरसाहेबांचा अंदाज बरोबर होता एवढंच.

कराडकर, येत्या शनिवारी मीही साताऱ्याला निघालोय. त्या डबीतला एक जोड माझ्यासाठी घेऊन या, मोठ्या मापाचा. शिरवळला चहा माझ्याकडे. कान ओढायचं काम मात्र माझं मी करीन.