एकाच हॉपची पेल एल कडूजहर झाली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी बिअर करायची ही माझी चौथी खेप. आधीच्या तिन्ही खेपा कॅस्केड हॉप्सच्या (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं), एकाच रेसिपीने, आणि तिन्ही बऱ्या उतरल्या. त्यामुळे हुरूप आला. म्हटलं, रेसिपीत काडीचाही बदल करायचा नाही, फक्त कॅस्केड काढून चिनूक घालायचा, म्हणजे या हॉपची स्वतःची चव काय ते कळेल. कळली ती अशी: बायकोने एक घोट घेतला, ग्लास माझ्याकडे सरकवला आणि काही न बोलता पाणी प्यायला उठली.

केलं ते असं. 20 लिटरची खेप, साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली), 67 अंशांना तासभर मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, मग तासभर उकळी. उकळी येताच 40 ग्रॅम चिनूक पेलेट्स, दहा मिनिटं उरली असताना 20 ग्रॅम, गॅस बंद केल्यावर 30 ग्रॅम. ओजी (आंबण्याआधीची घनता) 1.052, एफजी (आंबल्यानंतरची) 1.011. यीस्ट नेहमीचंच, पाकिटातलं कोरडं अमेरिकन एल यीस्ट, 19 अंशांना. आंबणं थांबल्यावर आणखी 50 ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे न उकळता तसेच बिअरमध्ये टाकलेले. मध्ये गावाला जावं लागलं, त्यामुळे ते हॉप्स दहा दिवस आतच राहिले. मग 120 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. आज त्याला तीन आठवडे झाले.

रंग छान, फेसही टिकतो. पण कडूपणा जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो तो उठतच नाही. वास ग्रेपफ्रूटचा आणि पाइनचा येईल असं वाचलं होतं, येतोय तो नुकत्याच कापलेल्या गवताचा.

चिनूक एकट्याने वापरायचा हॉपच नाही का? की बिअर खराब झाली आहे? आणि मुख्य म्हणजे या चाळीस बाटल्यांचं आता करू काय?

प्रतिसाद १

खराब झालेली वाटत नाही. जंतू शिरले असते तर आंबट लागली असती, वर साय धरली असती किंवा झाकण उघडताच निम्मी बाटली फसफसून बाहेर आली असती. नुसता कडूपणा हे त्याचं लक्षण नव्हे.

हॉप्सच्या पाकिटावर अल्फा (कडूपणा देणारं अ‍ॅसिड) किती टक्के लिहिलं आहे?

धागाकर्ता

आत्ता कचऱ्यातून पाकीट काढून पाहिलं. 13 टक्के. कॅस्केडचं जुनं पाकीट फ्रीझरमध्ये आहे, त्यावर 6. हा आकडा मी आजवर कधी वाचलाच नव्हता.

प्रतिसाद २

मग चोर सापडला की राव! तुम्ही हॉप्स वजनाने बदललेत, ते अल्फाने बदलायचे असतात.

हिशेब सोपा आहे. 40 ग्रॅमचे 13 टक्के म्हणजे 5200 मिलिग्रॅम अल्फा अ‍ॅसिड. तासभराच्या उकळीत, तुमच्या ओजीला, त्यातलं साधारण 23 टक्केच रूप बदलून वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या उकळत्या रसात, उतरतं. झाले सुमारे 1200 मिलिग्रॅम. भागिले 20 लिटर, म्हणजे 60 आयबीयू (कडूपणाचं माप), तेही फक्त पहिल्या हप्त्याचे! कॅस्केडच्या वेळी याच 40 ग्रॅमचे 28 च्या आसपास येत होते. अमेरिकन पेल एल साधारण 30 ते 50 मध्ये बसते. दहा मिनिटांवाल्या 20 ग्रॅमचे आणखी दहाएक धरा, म्हणजे गॅस बंद व्हायच्या आतच तुम्ही 70 वर होतात.

अल्फा दर हंगामात थोडं इकडेतिकडे होतं. तेव्हा पुढच्या वेळी चिनूकच घेतलात तरी नव्या पाकिटावरचा आकडा बघा.

प्रतिसाद ३

चिनूक हा मुळात कडूपणासाठीच घालतात. पाच-दहा ग्रॅम सुरुवातीला टाकायचा आणि वासाला दुसरा हॉप घ्यायचा. एकट्या चिनूकची बिअर म्हणजे उगीच हौस.

प्रतिसाद २

असहमत. हौस आहे म्हणूनच तर आपण घरी करतो. एक माल्ट, एक हॉप घेतला की लपायला जागा राहत नाही, चूक झाली तर कुठे झाली ते कळतं. याच धाग्यात बघा, चार प्रतिसादांत कळलं. पाच हॉप्सचं मिश्रण असतं तर आपण अजून यीस्टलाच शिव्या घालत बसलो असतो.

प्रतिसाद ४

अवांतर: कॅस्केड आणि चिनूक दोन्ही अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधनातून आलेले. कॅस्केड 1972 चा, चिनूक 1985 चा. कॅस्केडच्या आईच्या बाजूला इंग्लंडचा फगल आहे आणि चिनूकच्या बाजूला गोल्डिंग. इतकी सभ्य घराणी आणि नातवंडं ही अशी.

अवांतर संपलं. गॅस बंद केल्यावर वर्ट थंड कसं केलंत?

धागाकर्ता

पातेलं झाकण ठेवून गार पाण्याच्या टबात. पाणी तीनदा बदललं. हात लावण्याजोगं व्हायला तास-सव्वा तास लागला असेल. वर्ट झटपट थंड करायची कॉइल अजून घेतलेली नाही.

प्रतिसाद ४

तिथेही भर पडली. गॅस बंद झाला म्हणून हॉप्सचं काम बंद होत नाही. वर्ट 80 अंशांच्या वर आहे तोवर अल्फाचं रूपांतर चालूच असतं, उकळीपेक्षा हळू इतकंच. तुमचे शेवटचे 30 ग्रॅम वासासाठी होते, पण ते बराच वेळ गरम पाण्यात बसून कडूपणा देत राहिले. आणि दहा मिनिटांवाले नुसते नावालाच दहा मिनिटांचे.

कॉइल नसेल तर वर्ट आधी 75 अंशांपर्यंत उतरू द्या. मग हॉप्स टाका, वीस मिनिटं ठेवा आणि पुढे थंड करा. वास राहतो, कडूपणा फारसा वाढत नाही.

प्रतिसाद ५

गवताचा वास ड्राय हॉपचा आहे. दहा दिवस फार झाले. हॉप्समधली सुगंधी तेलं दोन-तीन दिवसांत उतरतात, त्यानंतर पानांचा हिरवटपणा उतरायला लागतो. मी तिसऱ्या दिवशी बाहेर काढतो. गावाला जायचं असेल तर परत आल्यावर टाकायचे.

पाण्यात काही घातलं होतंत का?

धागाकर्ता

हो, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). 10 ग्रॅम, एकूण 28 लिटर पाण्यात. हॉप्स उठून दिसतात असं वाचलं होतं म्हणून. कॅस्केडच्या वेळीही घालत होतो.

प्रतिसाद ५

म्हणजे जिप्समचंच लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट, मूळ पाण्यातलं वेगळं. सल्फेटने कडूपणा कोरडा आणि धारदार होतो. 30 आयबीयूला ते शोभतं, 80 ला चाकूला धार लावल्यासारखं. पुढच्या वेळी जिप्सम निम्मं करा आणि थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला, चव गोलसर होते.

एक गंमत करून बघा. एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एकात साध्या मिठाचे चार-पाच दाणे टाका, हलवा आणि दोन्ही आलटून पालटून चाखा. सोडियमने कडूपणा दबतो.

धागाकर्ता

आत्ताच केलं. मीठ टाकल्यावर फेस भसकन वर आला, ओटा पुसावा लागला. पण फरक आहे! खारट लागत नाही, कडूपणाचा काटा मात्र बोथट झाला. आणि गवताच्या मागे काहीतरी राळेसारखं, पाइनसारखं पहिल्यांदा जाणवलं. म्हणजे चिनूक आत होता तर.

बाटल्यांचं काय करू ते मात्र सांगा. उघडून थोडी साखर घालून पुन्हा बंद केल्या तर?

प्रतिसाद १

अजिबात नको!! बाटलीत यीस्ट जिवंत आहे. साखर खाऊन टाकेल, गोडवा राहणार नाही, उलट दाब वाढून बाटल्या फुटतील. काचा लागून डोळा जायचा.

प्रतिसाद २

निम्म्या बाटल्या थंड अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने विसरून जा. कडूपणा हळूहळू उतरतो. वास त्याहून लवकर जातो, पण तुमच्या बाबतीत जाईल तो गवताचा, त्यामुळे दुःख नको. उरलेल्यांसाठी फारच कमी हॉप्सची साधी ब्लाँड एल करा आणि पिताना ग्लासात अर्धी-अर्धी मिसळा. 80 आणि 15 ची सरासरी पिण्याजोगी येते.

पुन्हा चिनूकच करणार असाल तर सुरुवातीला 15 ग्रॅम, त्याचे 22 येतील. दहा मिनिटांना 20 ग्रॅम, त्याचे 10. उरलेले 50 ग्रॅम 75 अंशांना आणि 50 ग्रॅम ड्राय हॉप, तीन दिवस. बाकी माल्ट, यीस्ट, तापमान जसंच्या तसं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आकडे कॅस्केडच्या पाकिटावरच मार्करने लिहून फ्रीझरला चिकटवलेत. रविवारी उकळी लावतो. या वेळी गावाला जायचं नाही, असं घरात जाहीर केलंय. बायको म्हणाली, पहिला घोट तू घे.